रणभूमीवरील जखमा आणि हृदयशस्त्रक्रियेचा उदय

युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या हृदयावर झालेल्या प्रारंभीच्या शस्त्रक्रियांविषयी जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक १९४४ हे वर्ष आणि अमेरिकन सैन्यातले शल्यविशारद ड्वाइट हार्केन यांच्याभोवती फिरते. ते स्वाभाविकही आहे, कारण इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एका लष्करी रुग्णालयात हार्केन यांनी जे करून दाखवले, तसे सातत्याने आणि एकही रुग्ण न गमावता त्यापूर्वी कोणी केलेले नव्हते. मात्र या कथेच्या लोकप्रियतेमुळे दोन गोष्टी झाकल्या गेल्या. एक म्हणजे, त्या यशामागे जवळजवळ पन्नास वर्षांची, नागरी रुग्णालयांत आणि आधीच्या महायुद्धात झालेली, अनेकदा फसलेली खटपट होती. दुसरी म्हणजे, त्या शस्त्रक्रियांचा मोठा लाभ ज्यांच्यावर त्या झाल्या त्या सैनिकांना नव्हे, तर पुढे झडपांच्या विकाराने ग्रासलेल्या, युद्धाशी काहीही संबंध नसलेल्या रुग्णांना झाला. प्रस्तुत ग्रंथाची मांडणी या दोन गोष्टी ध्यानात ठेवून केलेली आहे.

हृदयाला हात लावू नये, हा शल्यविद्येतला जुना दंडक केवळ श्रद्धेतून आलेला नव्हता. त्याला ठोस कारणे होती. हृदय क्षणभरही स्थिर नसते, त्यामुळे त्यावर टाका घालताना सुई, दोरा आणि हात यांना त्याच्या ठोक्यांशी जुळवून घ्यावे लागते. त्याच्या कप्प्यांत रक्त दाबाखाली असते, त्यामुळे भिंतीला छेद गेला की काही मिनिटांत शरीरातले रक्त ओसरून जाते. आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी छाती उघडली की आत शिरलेल्या हवेने फुप्फुस आकसते व रुग्ण शस्त्रक्रियेआधीच गुदमरतो. यांपैकी तिसरी अडचण हृदयाची नव्हे, श्वासाची होती, आणि तिचे उत्तर सापडेपर्यंत पहिल्या दोन अडचणींशी सामना करण्याची वेळच फारशी येत नसे. हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास लिहिताना भूलशास्त्राला कडेला ठेवून चालत नाही, ते यामुळेच.

हृदयाची जखम कशी मारते, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच उमगणार नाही. हृदयाभोवती हृदयावरण नावाची एक चिवट पिशवी असते, आणि ती एकाएकी ताणली जात नाही. हृदयाच्या भिंतीला बारीक छिद्र पडले आणि रक्त या पिशवीत साचू लागले, तर दीडशे-दोनशे मिलिलिटर एवढे थोडे रक्तही हृदयाला बाहेरून दाबून धरायला पुरेसे होते. कप्पे भरेनासे होतात, मानेच्या शिरा फुगतात, नाडी क्षीण होते आणि रक्तदाब कोसळतो. या अवस्थेला वैद्यकात टॅम्पोनाड म्हणतात. तिच्यात एक विलक्षण अंतर्विरोध आहे: जे साचलेले रक्त हृदयाचा गळा आवळते, तेच बाहेरून दाब देऊन छिद्रातून होणारा स्राव काही काळ थोपवते. चाकूने भोसकलेला मनुष्य पुष्कळदा रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचतो तो यामुळे. रायफलच्या वेगवान गोळीने हृदय आणि त्याचे आवरण दोन्ही फाटलेला सैनिक मात्र सहसा पडल्या जागीच जातो. त्यामुळे युद्धातील हृदयाच्या जखमांची कोणतीही आकडेवारी ही मुळात वाचून मागे पोहोचलेल्यांची असते, आणि त्या आकडेवारीवरून काढलेल्या निष्कर्षांकडे पाहताना हे विसरता येत नाही. इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने काबीज केले, पण छातीत आणि पाठीत गोळ्या लागून त्यांनी त्याच ठाण्यात प्राण सोडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. छातीत गोळी लागलेल्या अशा असंख्य सैनिकांचा शल्यविशारदांशी कधी संबंधच आला नाही.

प्राचीनांनाही या जखमांचे निरीक्षण होते. पर्गामम येथे ग्लॅडिएटरांवर उपचार करणाऱ्या गॅलेनने हृदयाच्या कोणत्या भागातली जखम लवकर मारते याची नोंद केली, आणि सोळाव्या शतकातले फ्रेंच लष्करी शल्यविशारद आंब्रुआज पारे यांनी हृदयात तलवार घुसूनही प्रतिस्पर्ध्यामागे दोनशे पावले धावलेल्या एका माणसाची हकिकत लिहून ठेवली. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यविशारद दोमिनिक लारे यांनी १८१० मध्ये स्वतःला भोसकून घेतलेल्या एका सैनिकाचे हृदयावरण उघडून साचलेला द्रव बाहेर काढला. तो सैनिक काही दिवसांनी दगावला, तरी साचलेले मोकळे करता येते हे त्यातून दिसले. १८६८ मध्ये गेऑर्ग फिशर यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या हृदयजखमांच्या ४५२ घटना एकत्र केल्या आणि त्यांतले सुमारे दहा टक्के रुग्ण कोणत्याही शस्त्रक्रियेविना वाचल्याचे दाखवून दिले. हृदयाची प्रत्येक जखम प्राणघातकच असते, ही समजूत तेव्हाच डळमळायला हवी होती. ती डळमळली नाही. १८९६ मध्येही छातीच्या शल्यविद्येवरील आपल्या ग्रंथात इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी हृदयापाशी निसर्गानेच शल्यविद्येला मर्यादा घातली असावी, असे मत मांडले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन यांनी भोसकल्या गेलेल्या बावीस वर्षांच्या एका तरुणाची छाती उघडून हृदयाच्या उजव्या जवनिकेला, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्याला, पडलेली चीर रेशमाच्या तीन टाक्यांनी शिवली आणि तो रुग्ण बरा झाला. एक वर्ष आधी नॉर्वेत आक्सेल कापेलेन यांनी असाच प्रयत्न केला होता, पण त्यांचा रुग्ण तिसऱ्या दिवशी गेला, म्हणून श्रेय रेन यांच्याकडे गेले. या आरंभाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: हृदयाला घातलेला पहिला यशस्वी टाका युद्धातला नव्हता, तो शहरातल्या चाकूच्या जखमेवरचा होता. पुढच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियाही बहुतेक नागरी रुग्णालयांतच झाल्या, आणि युद्धाने शल्यविद्येला सर्व काही शिकवले असे सरसकट म्हणणाऱ्यांना ही घटना अडचणीची ठरते.

पहिल्या महायुद्धाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोफगोळ्याची कपची किंवा शक्ती संपत आलेली गोळी हृदयात शिरून तिथेच अडकली आणि सैनिक तरीही जिवंत राहिला, असे रुग्ण आघाडीमागच्या रुग्णालयांत दिसू लागले आणि क्ष-किरणांमुळे ते ओळखताही येऊ लागले. क्ष-किरणांच्या चमकत्या पडद्यावर कपची ठोक्यागणिक हलताना दिसे. वाहती चीर तातडीने शिवणे हे काम रेन यांच्या मार्गाने शक्य झाले होते. पण वरकरणी बरा झालेल्या माणसाची छाती उघडून हृदयातली वस्तू काढणे हा सर्वस्वी निराळा निर्णय होता, आणि इथेच या क्षेत्रातले दोन प्रमुख मतप्रवाह वेगळे झाले. १९१७ मध्ये काँब्रे येथे जखमी झालेल्या एका इंग्रज सैनिकावर जॉर्ज ग्रे टर्नर यांनी शस्त्रक्रिया केली, गोळी हृदयाच्या भिंतीत असल्याची खात्री करून घेतली, आणि ती काढण्यातला धोका ओळखून तशीच राहू दिली. तेवीस वर्षांनंतर तो माणूस जिवंत असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. याउलट १९१८ मध्ये माल्टा येथे सर चार्ल्स बॅलन्स यांनी हृदयातली गोळी यशस्वीपणे बाहेर काढली, परंतु जखमेत जंतुसंसर्ग होऊन रुग्ण काही दिवसांनी दगावला. हात कुशल होता, शस्त्रक्रिया फत्ते झाली होती. पू आवरण्याचे साधन मात्र त्या काळी कोणाकडेच नव्हते.

दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत हृदयावर फार थोड्या शस्त्रक्रिया झाल्या, पण भोवतालची सर्व तयारी याच काळात झाली. चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधल्या सिडकप येथे हॅरोल्ड गिलीज पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया करत, तेव्हा तोंडावर भुलीचा मुखवटा ठेवणे शक्य नसे. त्या गरजेतून आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. जबड्याच्या जखमांसाठी निघालेल्या या नळीतून दाबाने हवा देऊन उघड्या छातीतही फुप्फुस फुगते ठेवता येते, हे पुढे लक्षात आले आणि छातीच्या शल्यविद्येला आजवर अडलेली वाट मोकळी झाली. हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात मॅगिल यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ते पहिल्या पंक्तीत असायला हवे. याखेरीज, सायट्रेट या क्षारामुळे रक्त न गोठता साठवता येऊ लागले होते. छातीत पू झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूंची १९१८ मध्ये चौकशी झाली, तेव्हा एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी छाती घाईने उघडण्याचे दुष्परिणाम सिद्ध केले आणि छातीतल्या दाबाचे गणित शल्यविशारदांना नव्याने कळले.

याच काळात झडपांच्या विकारावर, म्हणजे रुमॅटिक तापाने आखडलेल्या मायट्रल झडपेवर, दोन धाडसी प्रयत्न झाले. बॉस्टनमध्ये इलियट कटलर यांनी १९२३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली आणि ती वाचली, पण त्यांचे पुढचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावल्याने त्यांनी हा मार्ग सोडला. लंडनमध्ये हेन्री सुटर यांनी १९२५ मध्ये एका तरुणीच्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली. ती बरी झाली, तरीही वैद्यांनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवला नाही. सोव्हिएत रशियात युस्तिन जानेलिद्झे यांनी १९२७ मध्ये हृदयाच्या जखमांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि दुसऱ्या महायुद्धात ते सोव्हिएत नौदलाचे प्रमुख शल्यविशारद झाले. पश्चिमी इतिहासांतून त्यांची उपेक्षा झाली आहे, ती भाषेच्या भिंतीमुळे.

दुसऱ्या महायुद्धात दोन भिन्न प्रकारचे काम चालले, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. इटलीच्या आघाडीलगतच्या रुग्णालयांत ताज्या जखमा येत. तिथे प्रश्न रक्तस्राव आणि टॅम्पोनाड यांचा असे, आणि पॉल सॅमसन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव या बाजूचा आहे. टॅम्पोनाडमध्ये प्रत्येक वेळी छाती उघडावी, की सुईने रक्त ओढून घेऊन वाट पाहावी, हा वादही याच सुमारास पेटला. ॲल्फ्रेड ब्लॅलॉक आणि मार्क रॅविच यांनी १९४३ मध्ये सुईचा पक्ष मांडला. दूर मागे, इंग्लंडमधल्या स्टोवेल पार्क येथील अमेरिकन सैन्याच्या १६० व्या जनरल हॉस्पिटलात मात्र आलेले सैनिक जखमी होऊन आठवडे उलटलेले असत. त्यांचा जीव तत्काळ धोक्यात नव्हता. त्यांच्या छातीत धातूचे तुकडे होते, आणि ते काढायचे की नाही हे ठरवायला वेळ होता.

तिथे काम करणाऱ्या हार्केन यांनी काढण्याचा पक्ष घेतला आणि त्याची कारणे स्पष्ट मांडली: सुटा तुकडा किंवा त्याभोवतीची गुठळी रक्तप्रवाहात वाहत जाऊन मेंदूत वा फुप्फुसात अडकू शकते, तुकड्यासोबत गेलेले जंतू हृदयाच्या अस्तराला दाह आणू शकतात, हृदयावरणात पुनःपुन्हा द्रव साचतो, आणि टोकदार धातू स्नायूला घासून झिजवतो. शस्त्रक्रियेची त्यांची रीतही विचारपूर्वक बांधलेली होती. तुकड्याचे स्थान क्ष-किरणांनी निश्चित केल्यावर छाती उघडली जाई, तुकड्याभोवतीच्या स्नायूत आधीच रेशमाचे टाके घालून त्यांची टोके मदतनिसांच्या हाती दिली जात, मग मधोमध छेद घेऊन चिमट्याने तुकडा धरला जाई आणि तो बाहेर येताच टाके आडवे ओढून छिद्र मिटवले जाई. युद्धकाळात पत्नीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी अशा एका शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. कप्प्यातल्या दाबाने तुकडा एकाएकी बाहेर उडाला आणि रक्ताचा लोंढा सुटला, टाके ओढूनही तो थांबेना, तेव्हा त्यांनी छिद्रावर बोट दाबून धरले आणि बोटाखालून मोठ्या सुया घालत एकेक टाका बांधला. बोट काढू पाहतात तो एक टाका हातमोज्यातून गेल्याचे, म्हणजे त्यांचे बोट हृदयाच्या भिंतीलाच शिवले गेल्याचे आढळले, आणि हातमोजा कापून ते सोडवावे लागले. शिरेतून दाबाने भरभर दिले जाणारे रक्त, श्वासनलिकेतली नळी आणि पेनिसिलिन यांपैकी एकही नसते, तर त्या रुग्णाचे काय झाले असते हे सांगायला बॅलन्स यांचे माल्टातले उदाहरण पुरेसे आहे.

१९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार हार्केन यांनी हृदय आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या परिसरातून १३४ तुकडे काढले, त्यांतले १३ हृदयाच्या कप्प्यांच्या आतले होते, आणि एकही रुग्ण दगावला नाही. बॉस्टनमध्ये परतल्यावर जून १९४८ मध्ये त्यांनी आखडलेल्या मायट्रल झडपेवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी अवघे काही दिवस आधी, आणि लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी त्याच वर्षी पुढे, हेच साधले. कटलर आणि सुटर यांना उघडून बंद करावे लागलेले दार पाव शतकाने पुन्हा उघडले ते असे. स्टोवेल पार्क येथेच हार्केन यांच्यासोबत काम करणारे हृदयतज्ज्ञ पॉल झोल यांनी स्पर्शाला हृदय किती सहज प्रतिसाद देते हे शस्त्रक्रियांच्या वेळी पाहिले होते, आणि १९५२ मध्ये त्यांनी छातीवरून विजेचे धक्के देऊन मंदावलेले हृदय चालवून दाखवले. पेसमेकरच्या इतिहासातला हा धागाही युद्धातल्या त्या टेबलापर्यंत जातो.

तरीही इतिहासकारांमध्ये या यशाच्या अर्थाविषयी एकमत नाही. एक पक्ष युद्धालाच हृदयशस्त्रक्रियेचे जनकत्व देतो. रॉजर कूटर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र युद्ध वैद्यकाला हितकारक असते या समजुतीचीच कठोर चिकित्सा केली आहे. रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मतः उघडी राहिलेली हृदयालगतची रक्तवाहिनी बॉस्टनमध्ये १९३८ मध्येच बांधली होती, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे ब्लॅलॉक यांनी निळ्या पडलेल्या बालकावर केलेली शस्त्रक्रिया हेलन टॉसिग यांच्या निरीक्षणावर आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयोगशाळेतल्या कामावर उभी होती, हे पाहता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा कल असा की युद्धाने नवी कल्पना दिली नाही, तर एरवी निरोगी असलेल्या तरुणांची शरीरे, मुबलक रक्त, नवे औषध आणि एकाच छताखाली जमलेले प्रशिक्षित हात एकत्र आणले. या योगातून हृदय हाताळणी सोसते याचा पुरावा मिळाला.

त्या सैनिकांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अधिक अवघड होतो. एडवर्ड ब्लँड आणि गिल्बर्ट बीबी यांनी दुसऱ्या महायुद्धात हृदयात धातू तसाच राहिलेल्या ४० सैनिकांचा वीस वर्षे मागोवा घेतला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांची प्रकृती चांगली राहिली होती. हृदयात काहीतरी आहे या जाणिवेने येणारी चिंता हा त्यांच्यातल्या अनेकांचा मोठा त्रास होता. म्हणजे ग्रे टर्नर यांचा संयमही चुकीचा नव्हता. मग वरकरणी बरा झालेल्या सैनिकाची छाती उघडणे त्याच्या हिताचे होते काय, आणि गणवेशातल्या माणसाने गणवेशातल्या डॉक्टरला दिलेली संमती कितपत मोकळी असते, हे प्रश्न विचारल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. हार्केन यांचा एकही रुग्ण गेला नाही म्हणून ते प्रश्न मिटत नाहीत.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. रुमॅटिक तापाने झडपा आखडण्याचे प्रमाण भारतात दीर्घकाळ मोठे राहिले, आणि छाती उघडून, पण हृदय न थांबवता, बोटाने वा उपकरणाने मायट्रल झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया पुढची काही दशके आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांचा आधार होती, कारण तिला हृदय-फुप्फुस यंत्राचा खर्च लागत नसे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपण केले, आणि पुण्यात लष्कराचे हृदय व छातीच्या विकारांसाठीचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. आजही तोफगोळ्यांच्या आणि स्फोटांच्या कपच्यांनी होणाऱ्या छातीच्या जखमा जगात संपलेल्या नाहीत. टॅम्पोनाड सोनोग्राफीने रुग्णाच्या खाटेपाशीच काही मिनिटांत ओळखता येतो. तो ओळखल्यावर काय करायचे, आणि हृदयात निमूट बसलेला धातू काढायचा की राहू द्यायचा, हे निर्णय मात्र रुग्णागणिक आजही घ्यावे लागतात, आणि त्यांतला युक्तिवाद पुष्कळसा ग्रे टर्नर आणि हार्केन यांच्याच वळणाचा असतो.

या ग्रंथात शल्यविशारदांच्या चरित्रांपेक्षा शस्त्रक्रियेच्या साधनांना आणि निर्णयांना अधिक जागा दिली आहे. भूल, रक्त आणि जंतुनाशके यांची कथा हृदयाच्या कथेत गुंफलेली आहे, परिशिष्टात ढकललेली नाही. दगावलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियाही वाचलेल्यांच्या शस्त्रक्रियांइतक्याच तपशिलाने मांडल्या आहेत, कारण रेन यांना कापेलेन यांच्याविना आणि हार्केन यांना बॅलन्स यांच्याविना समजून घेता येत नाही. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या वाचकासाठी प्रत्येक संज्ञा प्रथम येईल तिथेच उलगडली आहे. जिथे शल्यविशारदांच्या नंतरच्या आठवणी आणि त्या काळच्या नोंदी जुळत नाहीत, तिथे नोंदी ग्राह्य धरल्या आहेत. उपचार घेतलेल्या सैनिकांचा उल्लेख नावानिशी न करता जखम, तारीख आणि रुग्णालय यांवरून केला आहे.